फोरॅमच्या कवचातून जुन्या समुद्रातलं जीवन वाचायचं तर आधी काय ठरवायचं?

फोरॅम म्हणजे समुद्रात राहणारे, कवच बांधणारे एकपेशी जीव. प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मार्गदर्शकांनी अरबी समुद्रातल्या एका कोअरचे, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडाचे, ४० नमुने दिले आहेत. हातात सहा महिने आहेत. पैसे समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणाच्या) ६० आणि मॅग्नेशियमच्या २५ मोजमापांपुरते आहेत. विचारणा अशी: "फोरॅमच्या कवचातलं नेमकं काय मोजलं की त्या काळी समुद्रात जीवन किती होतं ते कळेल?" आणि जोडीला: "नमुना कमी पडला तर जुहूची वाळू चालेल का?"

जुहूचं आधी उरकून टाकतो. नाही चालणार. किनाऱ्याच्या वाळूत मिळतात ती बहुतेक तळावर राहणारी फोरॅम, अमोनिया, एल्फिडियम वगैरे. खाड्यांचं आणि नाल्यांचं पाणी सोसून जगणारी मंडळी ती. तरंगणारी, म्हणजे प्लवक फोरॅम मोकळ्या, खोल पाण्यात राहतात. किनाऱ्याला लागली तरी चुकूनमाकून आणि झिजलेली. मुंबईच्या खडकांतही ती शोधू नका. बेसाल्टच्या थरांमध्ये सापडलेल्या वरळीच्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले, त्यावरून ते पाणी कसलं होतं ते ओळखा. मात्र चाळायचा आणि ब्रशने वेचायचा हात बसवायला जुहूची मूठभर वाळू उत्तम. पहिले चार दिवस तीच घ्या, कोअरचा गाळ शिकण्यात घालवू नका.

आता मूळ प्रश्न. "काय मोजू?" असं विचारलं की विचार यंत्रापासून सुरू होतो आणि तिथेच गडबड होते. "जीवन किती होतं" हे थेट सांगणारं एकही मूलद्रव्य नाही. कवचात उतरतात ते त्या एका पेशीच्या आयुष्याचे दोन-चार आठवडे. ती किती खोल तरंगत होती, अंगात शैवाल बाळगून होती का, केवढी झाली, कोणत्या मोसमात बहरली, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. त्यातून समुद्र वेगळा काढायचा असतो. म्हणून मी एका कवचाच्या एका आकड्यावर काहीच उभारत नाही. एकाच चमचाभर गाळातल्या दोन वेगळ्या कवचांमधला फरक घेतो. का, ते कार्बनवरून नीट कळेल.

प्रकाशसंश्लेषण करणारे जीव हलका कार्बन-१२ जास्त उचलतात. त्यामुळे वरच्या उजेडातल्या पाण्यात जड कार्बन-१३ चं प्रमाण वाढतं. हे जीव मेले की त्यांचा कचरा खाली बुडतो, कुजतो, आणि तो हलका कार्बन खोल पाण्यात सुटतो. आजच्या समुद्रात वरच्या आणि खोल पाण्यात ढोबळमानाने दीड ते दोन पर मिलचा (पर मिल म्हणजे दर हजारी) फरक असतो, तो यामुळेच. वरच्या पाण्याचा साक्षीदार म्हणून ग्लोबिजेरिनॉइडिस रुबरची पांढरी जात घ्या, तळाचा म्हणून सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी. दोघांमधला फरक वाढला, तर वरून खाली कार्बन पोचवणारा जैविक पंप जोरात होता. कमी झाला, तर मंदावला होता.

आता समजा, तळाचं कवच वेचायचा कंटाळा आला आणि नुसतं रुबर मोजलं. हिमयुगात जमिनीवरची झाडं आणि माती आक्रसली, तो हलका कार्बन समुद्रात आला आणि सगळ्या समुद्राचं कार्बन-१३ साधारण ०.३ पर मिलने उतरलं. तुमच्या रुबरमध्येही ते उतरलेलं दिसेल आणि तुम्ही लिहाल, "उत्पादकता घटली". फरक घेतला असता, तर वरचा आणि खालचा दोन्ही आकडे सारखेच उतरले असते आणि वजाबाकीत ही घट निघून गेली असती. निधी वाचवायला म्हणून जे कवच वगळतात, नेमकं तेच बहुतेक वेळा प्रबंध वाचवणारं असतं.

या फरकाचं सर्वांत ठळक उदाहरण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, क्रिटेशियसच्या शेवटचं. त्या विनाशात प्लवक फोरॅमच्या बहुतेक जाती संपल्या, आणि वरच्या व तळाच्या कवचांमधला कार्बन-१३ चा फरक जवळजवळ पुसला गेला. तो पूर्ववत व्हायला काही लाख ते ३० लाख वर्षं लागली. आधी याचा अर्थ "समुद्र मेला" असा लावला गेला. नंतर लक्षात आलं, की वरचे जीव बरेच लवकर सावरले असतील, पण त्यांचा कचरा खोलवर पोचत नसेल, तरी फरक पुसलेलाच दिसेल. शिवाय आणखी एक मेख आहे. विनाशातून वाचलेली फोरॅम लहान आणि शैवाल न बाळगणारी. मोठ्या, शैवालधारी जातींच्या जागी ती मोजली, तर पाण्यात काहीही न बदलता आकडा खाली येतो. म्हणजे वजाबाकीसुद्धा तेव्हाच खरी, जेव्हा दोन्ही बाजूंना जात आणि आकार खालपासून वरपर्यंत तेच राहतात.

आकाराचं इतकं काय, असं वाटेल. फोरॅमच्या अंगातलं शैवाल आजूबाजूच्या पाण्यातला हलका कार्बन ओढून घेतं, मग कवचासाठी उरलेला कार्बन जड असतो. फोरॅम मोठं, तितकं शैवाल जास्त, तितका आकडा वर. याउलट लहान कवचात श्वसनातून निघालेला हलका कार्बन जास्त मिसळतो. तोटा वाटणारी ही गोष्ट तुमच्या प्रश्नाला मात्र थेट उत्तर देते. एकाच थरातल्या एका जातीची तीन आकारांत मोजणी करा. आकाराबरोबर कार्बन-१३ चढत गेलं, तर ती जात शैवाल बाळगून होती. लोप पावलेल्या मोरोझोव्हेला आणि अ‍ॅकॅरिनिना या जातीगटांची शैवालाशी भागीदारी होती हे असंच कळलं. त्यांच्यासोबतच्या, खोल राहणाऱ्या सबोटिनात तसा चढ दिसत नाही. मेलेल्या पेशीचं कोणाशी साटंलोटं होतं हे तीन चाळण्या आणि डझनभर मोजमापांत कळतं, यापेक्षा स्वस्तात काय हवं?

तर २५० ते ३५५ मायक्रॉन हा एक पट्टा धरा आणि कोअरभर तोच ठेवा. या आकाराच्या रुबरचं एक कवच साधारण १० ते १५ मायक्रोग्रॅम भरतं. समस्थानिकांच्या यंत्राला ५० ते १०० मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे ५ ते १० कवचं. पण "पुरतात" आणि "पुरे आहेत" यात फरक आहे. एकेकट्या कवचांच्या आकड्यांत मोसमामुळे समजा ०.४ पर मिलचा विखुर असेल, तर ४ कवचांच्या सरासरीत ०.२ पर मिलची अनिश्चितता उरते, १६ च्या सरासरीत ०.१. यंत्राची अचूकता ०.१ च्या आत असते, त्यामुळे चार कवचं देऊन यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. १५-२० कवचं एकत्र हलकेच फोडा, तुकडे मिसळा आणि त्यातला भाग द्या.

धुण्याकडे या. अरबी समुद्राच्या भारताकडच्या उतारावरचा बराचसा गाळ सेंद्रिय द्रव्याने भरलेला असतो, त्यात पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइडही असतं. असा गाळ ओला, उघडा, महिनोन्‌महिने ठेवला, की पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होतं आणि कवचं आतल्या आत खाल्ली जातात. चाळलेल्या अवशेषात जिप्समच्या बारीक सुया चमकताना दिसल्या, की समजा हे झालंय. त्या नमुन्यावर मॅग्नेशियम मोजू नका. नमुना आला की ४५-५० अंशांवर सुकवा, वजन करा (१० ग्रॅम पुरे), डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा, आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या फवाऱ्याने धुवा. बोटांनी चोळू नका. दोन दिवस भिजत घालण्यातही फायदा नाही. दोन नमुन्यांच्या मधे चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून काढा. जाळीत अडकलेलं मागच्या नमुन्याचं कवच निळं होतं, आणि पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते परकं हे लगेच कळतं.

वेचताना ०००चा ब्रश, टोक फक्त ओलसर. रुबर ओळखायला सोपं: शेवटचे तीन गोलसर कप्पे आणि मुख्य तोंडाशिवाय मागच्या बाजूला आणखी छिद्रं. गुलाबी दिसलं तर बाजूला ठेवा, ते वेगळ्या खात्यात. खरी नजर हवी ती कवचाच्या पोताकडे. काचेसारखं अर्धपारदर्शक, छिद्रं स्पष्ट, तर चांगलं. साखरेच्या दाण्यासारखं पांढरंफटक, धूसर असेल, तर मूळ कॅल्साइटवर (कवचाच्या चुनखडीच्या खनिजावर) नंतरचं कॅल्साइट बसलेलं आहे आणि ते समुद्रतळाचं तापमान सांगणार, पृष्ठभागाचं नाही. जुन्या, कोट्यवधी वर्षांच्या कवचांत हीच मोठी फसगत होते. कार्बनचा आकडा तुलनेने तग धरतो, ऑक्सिजनचा आणि मॅग्नेशियमचा नाही. काळपट ठिपके दिसले तर मॅंगनीज किंवा पायराइट. ते कवच सोडून द्या.

मुंबईतली एक खास अडचण. जून ते सप्टेंबर कार्डबोर्डच्या स्लाइडवर डिंकाने कवचं चिकटवून ठेवली, तर डिंकाला बुरशी येते, आणि ती कवचांवर पसरते. रसायनासाठीची कवचं डिंकाने चिकटवायचीच नाहीत. लहान काचेच्या कुपीत ठेवा, कुप्यांचा डबा सिलिका जेलसह बंद करा, आणि कुपीवर कोअरमधली खोली, जात, चाळणीचा पट्टा पेन्सिलीने लिहा. शाईचं लेबल दमटपणात फुटतं.

मॅग्नेशियमचं काम वेगळं आहे. ते जीवनाबद्दल काही बोलत नाही, पण त्याशिवाय ऑक्सिजन वाचता येत नाही. कवचातलं ऑक्सिजन-१८ दोन गोष्टींनी हलतं. एक तापमान, दर अंशाला साधारण ०.२२ पर मिल. दुसरं पाण्याचं स्वतःचं ऑक्सिजन-१८, म्हणजे बर्फाचं साठणं, बाष्पीभवन, पाऊस आणि नद्या. मॅग्नेशियम मुख्यतः तापमानाने हलतं, दर अंशाला सुमारे ९ टक्के. प्लवक फोरॅमसाठी बरंच वापरलं जाणारं समीकरण असं: मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर म्हणजे ०.३८ गुणिले ई चा (०.०९ × तापमान) हा घात. २५ अंशांना ३.६ आणि २८ अंशांना ४.७ मिलिमोल प्रति मोल येतं. खारटपणाही त्यात थोडी लुडबूड करतो, एका एककाला चारेक टक्के. त्यामुळे अर्ध्या अंशाच्या बदलावर पानं भरू नका.

आणि इथे चिखल नडतो. हिशेब करून बघा. ४०० मायक्रोग्रॅम कवच म्हणजे ४ मायक्रोमोल कॅल्शियम. आकडा ९ टक्क्यांनी, म्हणजे एका अंशाने चुकायला सुमारे ४० नॅनोग्रॅम जास्तीचं मॅग्नेशियम पुरतं. कप्प्यांत अडकलेल्या चिखलात वजनाने २ टक्के मॅग्नेशियम असेल आणि ते सगळं विरघळलं असं धरलं, तर २ मायक्रोग्रॅम चिखल बास. तो डोळ्याला दिसतही नाही. म्हणून कवचं दोन काचांमध्ये धरून अलगद फोडायची, प्रत्येक कप्पा उघडेल इतकीच. भुकटी केली तर पाणी काढताना पिपेटमधून तीच निघून जाते.

मग धुणं. तुकड्यांवर अतिशुद्ध पाणी, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये मिनिटभर, आणि तुकडे बसायच्या आत वरचं गढूळ पाणी ओढून घ्या. पहिल्या खेपेला कुपीत दुधट ढग उठतो. तो ढग म्हणजेच तुमची चूक, बाहेर काढलेली. पाणी निवळेपर्यंत चार-पाच वेळा, मग मिथेनॉलने दोनदा. मिथेनॉल पातळ असल्याने पाण्याने न सुटलेला चिखल सोडवतं. पुढे सेंद्रिय द्रव्यासाठी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ताजं मिसळलेलं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, उकळत्या पाण्यात १० मिनिटं, मधेमधे कुपी टिचकीने हलवून बुडबुडे सोडा, दोनदा. तुकडे नव्या, आम्लाने धुतलेल्या कुपीत हलवा. शेवटी ०.००१ मोलर नायट्रिक आम्लाने ३० सेकंद, लगेच पाण्याने धुवा. इथे रेंगाळलात तर नमुनाच विरघळतो. विरघळवल्यावर सेंट्रिफ्यूज करून वरचंच द्रावण यंत्राला द्या.

प्रयोगशाळेकडे मॅग्नेशियमसोबत अ‍ॅल्युमिनियम, लोह आणि मॅंगनीजही मागा. अ‍ॅल्युमिनियम किंवा लोह मॅग्नेशियमच्या जोडीने चढत असेल तर चिखल राहिलाय, मॅंगनीज चढत असेल तर नंतरचा थर. ती यादी न घेता नुसतं तापमान घेऊन येणारे बरेच असतात. मग परीक्षकाने विचारलं की गप्प.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही कोअर किती खोल पाण्यातला ते लिहिलेलं नाही, आणि निम्मा सल्ला त्यावर ठरतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या पुढेपर्यंत ऑक्सिजन अगदी कमी असलेला पट्टा आहे. कोअर त्यातला असेल तर वुलरस्टॉर्फी जवळजवळ मिळणार नाही. त्याऐवजी बोलिव्हिना, युव्हिजेरिना ही तळाची दुसरी फोरॅम भेटतील. युव्हिजेरिना गाळाच्या आत राहतं, तिथल्या कुजण्याचा हलका कार्बन कवचात घेतं, त्याचा आकडा वुलरस्टॉर्फीहून सुमारे ०.९ पर मिल खाली असतो, आणि सेंद्रिय द्रव्य वाढलं की हा फरकही बदलतो. वुलरस्टॉर्फी संपलं म्हणून मधेच युव्हिजेरिना भरू नका. अशा वेळी जोडी बदला: रुबर आणि थोडं खाली राहणारं निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटरट्री. यातून तळापर्यंतचा पंप कळत नाही, वरच्या थरांची घुसळण कळते, आणि प्रबंधाचं शीर्षकही मग तसंच हवं. उलट कोअर फार खोल असेल, तर कवच विरघळण्याचा धोका. मॅग्नेशियमने भरलेलं कॅल्साइट आधी जातं, आणि तापमान खोटंच थंड दिसतं. एक सोपी खूण: टेरोपॉड या तरंगणाऱ्या गोगलगायींची शंकूसारखी, अ‍ॅरागोनाइटची (कॅल्साइटहून लवकर विरघळणाऱ्या खनिजाची) कवचं शाबूत असतील, तर तुमची कॅल्साइटची कवचं नक्की शाबूत.

कोअर अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यातला असेल, जिथे २०१५ मध्ये कोलंबोहून निघून मुंबईला संपलेल्या ३५५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने छिद्रं घेतली, तर तिथे पाण्याखालच्या एका प्रचंड दरडीचा थर आहे. दरडीतल्या गाळात वेगवेगळ्या काळांची कवचं एकत्र होतात. त्या भागातून वेचलेली वीस कवचं वीस वेगळ्या काळांची असू शकतात, आणि सरासरी मात्र छान गुळगुळीत येते.

ज्या मोजमापाचा मोह होईल ते नायट्रोजनचं. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जीवाणू नायट्रेट वापरतात आणि हलका नायट्रोजन-१४ आधी संपवतात. उरलेलं नायट्रेट जड होतं, वर येतं, अन्नसाखळीतून फोरॅमच्या कवचाच्या भिंतीत अडकलेल्या सेंद्रिय द्रव्यात उतरतं. सुट्या गाळातलं नायट्रोजन कुजताना बदलतं, जमिनीवरच्या मातीने बिघडतं. भिंतीतलं कॅल्साइटने झाकलेलं. समुद्रातल्या सरासरी नायट्रेटचा आकडा ५ पर मिलच्या आसपास, अरबी समुद्राच्या त्या पट्ट्यात त्याहून बराच वर. तुमच्या विषयाला हे सर्वांत जवळचं. पण एका मोजमापाला काही मिलिग्रॅम स्वच्छ कवच, म्हणजे शेकडो नग लागतात, आणि ते करणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्या. सहा महिन्यांत ते बसणार नाही. पीएच.डी.साठी ठेवा, पण वेचलेली जास्तीची रुबर फेकू नका.

तर तुमचा खर्च मी असा करीन. आधी एक पैसाही न लागणारं काम: सर्व ४० नमुन्यांत १५० मायक्रॉनवरच्या किमान ३०० फोरॅमची मोजणी, आणि त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस किती टक्के. हे नैऋत्य मोसमी वाऱ्यांत खालचं पोषक पाणी वर आलं की फोफावतं. रसायन काय म्हणतंय ते ताडून बघायला हा स्वतंत्र साक्षीदार. मग ४० पैकी २० थर निवडा, प्रत्येकात रुबर आणि वुलरस्टॉर्फी, ही ४० समस्थानिक मोजमापं. चार थरांत रुबरचे तीन आकार, ही १२. उरलेली ८ दुबार मोजणीसाठी, प्रयोगशाळेला न सांगता वेगळ्या क्रमांकाने द्यायची. मॅग्नेशियमची २५: तेच २० थर आणि ५ दुबार. समस्थानिकांच्या रुबरचा आणि मॅग्नेशियमचा भाग एकाच फोडलेल्या ढिगातून काढायचा, नाहीतर तापमान एका कवचाचं आणि ऑक्सिजन दुसऱ्याचं. ४० च्या ४० थरांत एकच कवच मोजलं असतं तर आलेख दाट दिसला असता, वाचता मात्र आला नसता.

गाळाचा वेगही विचारात घ्या. खोल अरबी समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर साचतात, वर किडे वरचे काही सेंटिमीटर ढवळून काढतात. १ सेंटिमीटरच्या नमुन्यात काही शतकं मिसळलेली असतात, त्यामुळे एका दुष्काळाचा किंवा एका पावसाळ्याचा शोध यात घेऊ नका.

कोअर किती मीटर पाण्यातला आहे, चाळलेल्या अवशेषात टेरोपॉड दिसतात का आणि वुलरस्टॉर्फी दर नमुन्याला किती नग मिळतात, एवढं कळवा. पाचापेक्षा कमी मिळत असतील तर वरची वाटणी बदलावी लागेल.